मगदूम सरांची निरोगी पट्टी

गेल्या महिन्यात कॉलेजातलं मोडकं सामान निर्लेखनात निघालं. यादी करायला मला जुंपलं, कारण माझा तास मोकळा होता आणि मोकळ्या माणसाकडे कुणाचंही लक्ष लगेच जातं. फुटके बर्नर, वाळवी लागलेलं कपाट, पाय नसलेलं टेबल असं लिहीत लिहीत मी एका सागवानी खुर्चीपाशी आले. वेताची बैठक ताठ, हातांवरचं पॉलिश जसंच्या तसं. आमचा शिपाई माने म्हणाला, "ही कशाला काढायची बाई? नवी हाय की."

नवी नव्हती. पंधरा-सोळा वर्षांची होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, एवढंच. ती मगदूम सरांची खुर्ची होती.

चन्नाप्पा मगदूम रसायनशास्त्र शिकवायचे, मी वरच्या मजल्यावर सूक्ष्मजीवशास्त्र. मी या कॉलेजात लागले तेव्हा ते चाळिशीत होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात तीन रुमाल, आणि शर्टाच्या वरच्या खिशात कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी. वर्गात ते दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत शिकवायचे. शेवटच्या बाकावरच्या मुलांच्या माना दुखत. भाकरी उभ्यानं खायचे, चहा उभ्यानं प्यायचे, वर्तमानपत्र कपाटाच्या माथ्यावर पसरून वाचायचे. मीटिंगमध्ये दाराला टेकून उभे. कुणी "बसा की सर" म्हटलं की म्हणायचे, "बसलं की डोकं बंद पडतंय माझं." मगदूमांच्या पायाला भिंगरी आहे, असं सगळं कॉलेज म्हणायचं. मीही म्हणायचे. भर डिसेंबरात संध्याकाळी त्यांचा रुमाल घामानं पिळून काढण्यासारखा व्हायचा, त्याला आम्ही उत्साह समजत होतो.

पहिल्याच आठवड्यात ते जिना चढून माझ्या प्रयोगशाळेत आले. ना नमस्कार, ना ओळख.

"सामंतबाई तुम्हीच की? कोकणातल्या?"

"हो."

"खरवस खाल्लाय?"

मी म्हटलं, खाल्लाय.

"खरवस म्हंजे काय? पाणीच की वो! शंभरातलं निम्म्याच्या वर पाणी. पण सांडतंय का? न्हाई सांडत. सुरीनं कापता येतंय. पाणी हाय, पण सांडत न्हाई. मला तसली जेल करायची हाय, काचेवर, कांद्याच्या सालीएवढी पातळ. आन् तिच्यात तुमचे जंतू अडकवायचे हायत. मेलेले. जिते नकोत."

हे सगळं खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा चार खेपांत सांगून झालं. मला बसायला सांगायची सोयच नव्हती, कारण मीही तोवर उभी राहिले होते.

त्यांचं म्हणणं नंतर नीट समजलं. काचेच्या पट्टीवर चांदीच्या दोन बारीक जाळ्या, कंगव्यासारख्या, दात एकमेकांत शिरलेले पण कुठे न टेकलेले. त्यांच्यावर ही पाणी धरणारी जेल. जेलमध्ये मारलेल्या जंतूंचे कण पक्के बांधलेले. वरून माणसाच्या रक्तातल्या सीरमचा एक थेंब टाकायचा. त्या माणसाला तो रोग झाला असेल तर त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्या कणांना येऊन चिकटणार, जेलमधून जाणाऱ्या विजेत फरक पडणार आणि मीटरचा काटा सरकणार. निरोगी माणसाचा थेंब असेल तर काटा जागचा हलायचा नाही. पंधरा मिनिटांत निकाल. तोही गावात, डेअरीच्या पायरीवर.

रोग होता ब्रुसेलोसिस. म्हशीला झाला तर ती गाभ टाकते. माणसाला झाला तर ताप येतो आणि जातो, येतो आणि जातो, अंग मोडतं, कंबर धरते, रात्री घाम फुटतो. दुधातून होतो, व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार काढताना हाताला लागून होतो. डॉक्टर बहुतेक वेळा त्याला टायफॉइड म्हणून मोकळे होतात.

हाच रोग का, हे मी विचारलं नव्हतं. एकदा फ्रिजमध्ये सामान लावताना एक छोटी कुपी हाताला आली. वर चिठ्ठी, सरांच्या अक्षरात: 'अक्का'.

"माझी थोरली बहीण," सर म्हणाले. त्या दिवशी ते चालायचे थांबले नाहीत, पण सावकाश चालले. "शिरोळला दिली होती. चार म्हशी होत्या. वार अडकली की गावातल्या बायका तिलाच बोलवायच्या, हात हलका म्हणून. आठ महिने ताप येत-जात होता. टायफॉइडचं झालं, मलेरियाचं झालं, अंगारा झाला. शेवटी एका पोरसवदा डॉक्टराला शंका आली, रक्त मुंबईला धाडलं. निकाल आला तवा अक्काला मातीत ठेवून नऊ दिवस झाले होते. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले होते म्हणे. औषध होतं बाई याला. साध्या गोळ्या. धाकट्या भावाला तम्माच म्हणायची. तम्मा, मला काय झालंय ते तरी सांग रं, म्हणायची. मी रसायनशास्त्राचा एम.एस्सी. मला सांगता आलं न्हाई."

त्या डॉक्टरकडे उरलेलं अक्काचं सीरम सरांनी मागून आणलं होतं. रोगी माणसाचा खात्रीचा नमुना तेवढाच. शंभरपट पातळ करून एकेक थेंब ते वापरत. कुपी संपायच्या आत यंत्र चालायला हवं होतं, म्हणून ही सगळी घाई. मला कळल्यावर मीही त्या घाईत सापडले.

सामानाची कथा काय सांगावी! चांदीच्या जाळ्या हुपरीच्या एका कारागिरानं काढून दिल्या. आयुष्यभर पैंजण घडवलेला माणूस. त्यानं पहिल्या जाळीला सवयीनं नक्षी काढली. "जरा शोभा नको व्हय?" असं त्याचं म्हणणं. जेलचा थर सारखा बसावा म्हणून पट्टी गरगरा फिरवायला लागते. ते यंत्र उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून झालं, सरांच्या घरातल्या मिक्सरची मोटर काढून. सरांच्या सौभाग्यवती त्यानंतर वर्षभर पाट्यावर वाटत होत्या आणि वाटताना ज्याचं नाव घेत होत्या ते मी ऐकलेलं आहे. पहिल्या चाचणीला प्राचार्य कौतुकानं वाकून बघायला आले. सरांनी बटण दाबलं. मिक्सरला एकच वेग ठाऊक होता. सगळी जेल प्राचार्यांच्या चष्म्यावर आणि नव्या टायवर गेली. सर हळहळले ते जेलसाठी. "मऊ झाली वाटतं," एवढंच म्हणाले आणि वहीत लिहायला वळले.

प्रत्येक चाचणीला दोन पट्ट्या शेजारी शेजारी. एक रोगी, एक निरोगी. रोगी पट्टीवर अक्का. निरोगी पट्टीवर कोण? मी म्हटलं, कुणाचंही चालेल. सर म्हणाले, "दुसऱ्याला कशाला टोचायचं? माझं हाय की रक्त, फुकटचं." तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्यांचं रक्त काढायचे. तेही उभ्यानं. कुपीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी: 'निरोगी – मगदूम'.

आणि इथं कोल्हापूरचं सांगायला हवं. आमच्या पेठेत दुधाचा कट्टा आहे. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, माणसं पेला घेऊन उभी राहतात, आणि पेल्यात थेट धार पडते. फेसासकट, कोमट, धारोष्ण. तालमीतले पैलवान पितात, बँकेतले साहेब पितात, बायकापोरं पितात. इथल्या माणसाला दूध उकळून प्या म्हणणं म्हणजे तुमच्या घराण्यात काही खोट आहे असं सुचवणं. सर मला एकदा तिथं घेऊन गेले. दोन पेले उभ्याउभ्या रिकामे केले आणि तिसरा माझ्यापुढे धरला.

"सर, उकळून प्यावं. तुम्हाला मी सांगायचं का?"

"सामंतबाई, उकळलं की दुधाचा जीव जातो. आनंदाच्या म्हशी हायत ह्या. बारा वर्षं पितोय. रोगट म्हस नुसत्या अंगावरनं कळते."

आनंदा गवळी धार काढता काढता म्हणाला, "पावणं, पोरीवानी वाढवल्यात. तुमच्या कोकणात चहाला बी दूध मोजून घालत्यात म्हणं?"

सगळा कट्टा हसला. मीही हसले आणि पेला परत दिला. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी बाई, आणि एवढंच करून घरी गेले. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

यंत्र काही चालेना. म्हणजे रोगी पट्टीवर काटा झोकात जायचा, पण निरोगी पट्टीवरही जायचा. थोडा कमी, पण जायचा. शून्यावर बसायचं नाव नाही. सरांनी एकच निदान केलं: "जेलला नको ते चिकटतंय." मग जेल बदलायची. तिच्यातलं पाणी धरणारं डेक्स्ट्रान कमी, डेक्स्ट्रान जास्त. जिलेटिन घालून, जिलेटिन काढून. धुवायचं पाणी बदल, मीठ बदल. वहीत कृतींना क्रमांक होते. तीसच्या पुढं गेले, चाळीसच्या जवळ आले. वर्षं गेली. अक्काची कुपी तळाला लागत चालली. सर भिंगरीसारखे वर-खाली, वर-खाली. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी फ्रिजकडे वळायचे, कारण आता ते म्हणणार, "बाई, आजून एक बघू." मध्येच पायरीवर थांबून कठड्याला कंबर दाबून धरायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "हाडं जुनी झाली."

काटा खोटं बोलत नाही, हेही त्यांचंच वाक्य. मुलांना दर वर्षी सांगायचे. स्वतःच्या काट्यावर मात्र त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नाही, आणि मीही नाही.

एकदा पुण्याहून समिती आली. काम पुढं न्यायचं की थांबवायचं ते ठरवणार होती. सर सकाळपासून सात वेळा पट्ट्या पुसून बसले होते. बसले होते म्हणजे उभे होते. थेंब टाकले. रोगी काटा गेला. निरोगी काटाही गेला. समितीतले एक गृहस्थ सुसंस्कृत आवाजात म्हणाले, "तुमच्या यंत्राच्या मते या जगात निरोगी कुणी नाहीच, असं दिसतं." बाकीचे हसले. चहा-पोहे झाले, गाडी गेली. सर व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. शिपाई मानेनं दिवे घालवले तरी चपलांचा आवाज येत होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्काच्या मुलीचं लग्न निघालं. मामाला जाणं भाग. निघताना मला म्हणाले, "त्रेचाळीस नंबरच्या पट्ट्या आज केल्यात. उद्यापर्यंत वाळतील. आजच बघून ठेवा. अक्काचे दोनच थेंब हायत, जपून."

मी फ्रिज उघडला. अक्काची कुपी होती. 'निरोगी – मगदूम' रिकामी होती. सोमवारी लग्नाच्या खरेदीत रक्त द्यायचं राहून गेलं होतं. सर शिरोळला. पट्ट्या वाळत चाललेल्या. काय करणार? मी माझंच बोट टोचलं आणि सीरम काढलं.

अक्काचा थेंब टाकला, काटा गेला. माझा थेंब टाकला. काटा हलला नाही.

मला वाटलं तार सुटली. तार बघितली, मीटरवर टिचकी मारली, पट्ट्या बदलल्या, अक्काचा उरलेला थेंबही टाकला. तिचा काटा गेला, माझा हलला नाही. माने झाडू घेऊन आला होता, त्याला हाताला धरून बसवलं. "काय वो बाई, काय झालं?" म्हणेपर्यंत टोचलासुद्धा. त्याचा थेंब. शून्य.

मी खाली बसले. यंत्र चालत होतं, पाच वर्षं चालत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोळ्यांपुढं मात्र तिसरा पेला आला, फेसासकट. मग घामाचे रुमाल. मग जिन्यावर कठड्याला दाबून धरलेली कंबर. पाच वर्षं दर महिन्याला याच हातांनी मी एका आजारी माणसाचं रक्त काढलं आणि 'निरोगी' म्हणून ठेवून दिलं.

सर परत आल्यावर मी त्यांना काही न सांगता नेहमीसारखं रक्त काढलं आणि ते बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेला पाठवलं. खात्री झाल्याशिवाय बोलायचा धीर नव्हता. निकाल यायला सोळा दिवस लागले. अक्काचे ते दिवस कसे गेले असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कागद घेऊन मी खाली गेले. सर खिडकीपाशी होते.

"सर, निरोगी पट्टी बरोबर होती."

"म्हंजे?"

"काटा खोटं बोलत नव्हता. तुम्हालाच आहे ते. अक्कांना होतं ते."

त्यांनी कागद घेतला, वाचला, परत वाचला. मी रडायच्या बेतात होते. आणि या माणसानं काय करावं? टेबलावर थाप मारली.

"आयला! म्हंजे जेल बरुबर हाय की!"

"सर, तुम्ही आजारी आहात."

"ते हाय वो! पर जेल बरुबर हाय! चिकटत न्हवतं काय बी! पहिल्या नंबरापास्नं बरुबर हाय!" त्यांनी वही काढली, एक ते त्रेचाळीस पानं भराभरा उलटली आणि हसत सुटले. हसता हसता कंबर धरली. मग वही मिटली. "अक्काचे थेंब?"

"संपले."

त्यांनी दारापर्यंत आणि परत अशी एक खेप घातली. मग म्हणाले, "असूं दे. आता अडत न्हाई. रोगी नमुना पायजेच ना? मी हाय की."

पुढं दीड महिना दोन-दोन औषधं झाली. लघवी केशरी झाली, ती गंमतही त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितली. ताप गेला, घाम गेला. डॉक्टर म्हणाले, माकडहाडाच्या वरचे सांधे कित्येक वर्षांपूर्वीच धरलेत, बसलं की कळ येत असणार. बसलं की डोकं बंद पडतं, ते हे. आम्ही ज्याला स्वभाव म्हणत होतो तो त्यांचा आजार होता, आणि सगळं कॉलेज त्यावर हसलं होतं. कट्ट्यावर जाऊन सरांनी "उकळून प्या रं" म्हटलं, तेव्हा आनंदा गवळी महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मग एक दिवस तो आपणहून आला, मुंडाशानं घाम पुसत, बोट पुढं करून.

यंत्राचं फार मोठं काही झालं नाही. पुढं बाजारात कंपन्यांच्या तयार पट्ट्या आल्या, सुबक पाकिटातल्या. सरांची मीटर बसवलेली लाकडी पेटी, चांदीच्या जाळ्या आणि मिक्सरची मोटर यांना कुणी पेटंट दिलं नाही. सरांनी ते मनावर घेतलं असं मला दिसलं नाही. रविवारी पेटी उचलायची, काठी घ्यायची आणि एस.टी. पकडायची.

पेटी घेऊन बसलेल्या सरांना मी शेवटचं पाहिलं ते शिरोळकडच्या एका गावात. पूर ओसरून महिना झाला होता, भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती. डेअरीच्या पायरीवर पेटी उघडलेली. दूध घालून झालेल्या बायका रांगेत, आणि दोन हातांच्या अंतरावर कासऱ्याला बांधलेली म्हैस. मी सीरम काढत होते, हातानं फिरवायच्या यंत्रावर. एक पन्नाशीची बाई पुढं आली, गंगव्वा नावाची. तीन महिने ताप येत-जात होता. ती टेकायला तयार नव्हती. "कामं पडल्यात मास्तर, लवकर सांगा काय ते," म्हणत या पायावरून त्या पायावर होत होती.

सरांनी तीन पट्ट्या मांडल्या. पहिली आजारी पट्टी म्हणून गंगव्वाला दाखवली, तिच्यावर स्वतःचा, आजारपणातल्या जुन्या कुपीतला थेंब. काटा वर गेला. दुसरीवर माझा. शून्य. तिसरीवर गंगव्वाचा.

"पंधरा मिनिटं लागतील. बस अक्का," सर म्हणाले आणि पायरीवर तिच्यासाठी जागा करून आपण बसले. मांडी घालून, काठी आडवी ठेवून. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. हातातलं यंत्र फिरवायची मी थांबले. ते दुखत असणार, चेहऱ्यावर कळत होतं. तरी बसले. शेवटी तीही बसली.

"ह्यातली आजारी पट्टी कुणाची म्हणायची?" तिनं विचारलं.

"माझी."

तिनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "आन् तरी जित्तं हाईसा?"

"हाय की," सर म्हणाले. "कळलं म्हणून हाय."

तिसरा काटा हळूहळू वर चढायला लागला. गंगव्वा काट्याकडे बघत नव्हती, सरांच्या तोंडाकडे बघत होती, आणि सर जागचे हलले नाहीत.